मलावीहून आलेली प्रार्थना-दिनदर्शिका: हर्णैच्या खाऱ्या हवेत वापरून पाहिली

टेबलावर उभी करायची, ३१ पानांची, मराठीत छापलेली ही दिनदर्शिका एका मिशनरी जोडप्याची आहे. जोडपं आपल्या कोकणातलं आणि सेवा आफ्रिकेत. मलावी देशात, मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाकडच्या खेड्यांमधल्या पाच लहान मंडळ्या, म्हणजे चर्चचे उपासक-समुदाय, ते दोघं सांभाळतात. रोज एक पान उलटायचं, त्यावरच्या विनंत्या वाचायच्या, प्रार्थना करायची. महिना संपला की पुन्हा पहिल्या पानापासून. वार आणि महिना छापलेला नसल्यामुळे डिसेंबर संपला म्हणून ती रद्दीत जात नाही. देणगीमूल्य १५० रुपये, टपालखर्च वेगळा.

मी हर्णैला राहते. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून झाली, आता निवृत्त आहे. माझी मंडळी, म्हणजे चर्च, दापोलीची. मंगळवारी संध्याकाळी आमच्या भगिनी मंडळाची प्रार्थनासभा असते, तिथं ही दिनदर्शिका मधल्या स्टुलावर उभी असते. दुसरी प्रत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. जोडप्यातली ती आमच्याच शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, वाढलेली आणि तो गुहागर तालुक्यातला, म्हणून मंडळीत सगळे त्यांना ताई आणि जावईबापू म्हणतात. मीही तसंच लिहिते. दिनदर्शिकेवर त्यांच्या गावांची नावं छापलेली नाहीत आणि ते योग्यच केलंय. आजूबाजूची बरीच वस्ती याओ जमातीच्या मुसलमानांची आहे, शेजार चांगला आहे, आणि तो तसाच राहावा ही दुसऱ्याच पानावरची विनंती आहे.

ओळखीची माणसं आहेत म्हणून मी हे लिहीत नाही. मिशनची पत्रकं मी शाळेत असल्यापासून वाचत आले. बहुतेकांत विनंत्या ठरलेल्या असतात: सेवाकार्यासाठी प्रार्थना करा, दारं उघडावीत म्हणून प्रार्थना करा, सेवकांच्या आत्मिक बळासाठी प्रार्थना करा. खोटं त्यात काहीच नाही. पण डोळे मिटून बसलं की दोन वाक्यांत सगळं संपतं आणि तिसरं वाक्य सुचत नाही. डोळ्यांपुढे माणूसच उभा राहत नाही, मग प्रार्थना करायची कोणासाठी?

इथं चौथं पान उघडलं तर असं लिहिलंय: “तिसऱ्या मंडळीचे वडील सायकलवरून येतात. मागचं टायर पार गेलंय. पाऊस सुरू व्हायच्या आत टायर आणि ट्यूब मिळावी.” वडील म्हणजे मंडळीचे पुढारी. खाली त्या सायकलचा फोटो. टायरला रबराच्या पट्ट्या गुंडाळून दोरीनं आवळलेल्या स्पष्ट दिसतात. आमच्या मंडळातल्या सगळ्यात वयस्क आजी कधी मोठ्यानं प्रार्थना करत नाहीत, बाकीच्यांना आमेन म्हणतात. त्या दिवशी त्या टायरसाठी बोलल्या. “बापा, त्या माणसाला एवढं चालवू नकोस,” एवढंच बोलल्या. बायबलमध्ये संत पौलानंसुद्धा आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्रोवस शहरात कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला झगा घेऊन ये म्हणून सांगितलंय. लहान गोष्ट मागायला त्याला संकोच वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

माझ्या मते या दिनदर्शिकेचं खरं बळ हेच आहे. मागणं लहान आहे, खरं आहे, आणि ज्याच्यासाठी मागायचं तो माणूस दिसतो.

अकरावं पान तर हर्णैच्या माणसाला समजावून सांगावंच लागत नाही. सरोवराच्या त्या भागात नोव्हेंबर-डिसेंबरात किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यांना बंदी असते, म्हणजे आपल्या रापणीला. मक्याची पेरणी पहिल्या पावसावर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. नवं पीक हाती येतं ते एप्रिलकडे. म्हणजे बंदी उठते तोवर घरातला मका संपत आलेला असतो, आणि जानेवारी ते मार्च हे तिथले उपासमारीचे महिने. न्सिमा म्हणून मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, दोन्ही वेळचं जेवण तेच; या महिन्यांत ती दिवसातून एकदाच होते. मंडळीचं दानार्पण कमी होतं, म्हणून वडीलधाऱ्यांना काही देता येत नाही. पानावर विनंती आहे ती अशी: “या तीन महिन्यांत कोणी लाजेपोटी उपासनेला यायचं थांबवू नये.” पैसे द्या म्हणून नाही लिहिलेलं. टोपलीत टाकायला काही नाही म्हणून माणूस घरी बसू नये, एवढंच मागणं.

फोटोत उसिपा नावाची बारीक मासळी बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेली आहे. माझी शेजारीण बंदरावर मासळी विकते, कोळ्यांपैकी आहे, आमच्या मंडळीतली नाही. मीठ मागायला आली होती, तिनं खिडकीतला फोटो पाहिला आणि विचारलं, “हे कुठलं बंदर गो?” मी सांगितलं. इथली बंदी १ जून ते ३१ जुलै, तिथली वर्षाअखेरीला, हेही सांगितलं. ती म्हणाली, “मग बंदीत त्यांनी खायचं काय?” हर्णैचा लिलाव बंद असतो तेव्हा तिच्या घरी काय होतं हे मला माहीत आहे. त्यानंतर ती अधूनमधून विचारते, तुमच्या त्या तळ्यावरच्या लोकांचं काय झालं. ज्या कागदावरून असा प्रश्न निघतो, त्याचे १५० रुपये वसूल झाले असं मी मानते.

सहाव्या पानावर एक कुटुंब आहे, फालोम्बेकडून आलेलं. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ दक्षिण मलावीवर आलं, डोंगरउतारावरून चिखल आणि दगड खाली आले, गावंच्या गावं गेली. हे कुटुंब नातेवाइकांकडे आलं ते तिथंच राहिलं. घरातला मोठा मुलगा पाऊस वाजायला लागला की झोपत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना मागितली आहे. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ ज्यांनी दापोली-मंडणगड भागात काढलं त्यांना त्या मुलाबद्दल जास्त सांगायला नको. आमच्याकडेही वाऱ्याचा आवाज वाढला की अजून पत्र्यांकडे नजर जाते.

तेरावं पान मलेरियाचं. परिचारिका म्हणून मी ते जरा बारकाईनं वाचलं. बरं लिहिलंय. पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायका यांना सगळ्यात जास्त धोका, हे नेमकं सांगितलंय. आणि विनंती आहे ती मच्छरदाणी रोज रात्री गादीखाली नीट खोचली जावी आणि ताप आल्यावर आरोग्य केंद्रात जायला उशीर होऊ नये म्हणून. प्रार्थनेनं ताप उतरेल, औषध नको, असं अवाक्षर कुठेही नाही, याचं मला समाधान वाटलं. एक गोष्ट मात्र त्या पानावर हवी होती. मलेरियाची पहिली लस लहान मुलांना नेहमीच्या लसीकरणात द्यायला २०१९ मध्ये सुरुवात झाली ती मलावीतच, नंतर घाना आणि केनियात. आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेली दुसरी लस आपल्या पुण्यात तयार होते. आभार मानायला एवढं मोठं कारण असताना ते पानावर नसावं हे बरं नाही. प्रार्थनेत उपकारस्तुतीही यायला हवी.

आता नववं पान. याच्यावरून आमच्या मंडळीत बरीच चर्चा झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

हे पान ताईनं स्वतः लिहिलेलं आहे, बाकीची बरीचशी जावईबापूंच्या हातची वाटतात. तिथं मजकूर असा: “दर रविवारी उपासनेनंतर कोणीतरी विचारतं, तुम्हाला मूल कधी होणार. प्रेमानंच विचारतात. उत्तर देताना माझा आवाज कडू होऊ नये म्हणून प्रार्थना करा.” बस, तीन ओळी. मूल व्हावं म्हणून प्रार्थना करा, असंही लिहिलेलं नाही.

पाळकीय समितीतले एक जण म्हणाले, असल्या गोष्टी घरातल्या घरात असाव्यात, छापून वाटायच्या कशाला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पोरीची चर्चा चारचौघांत होऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं. मलाही ताईशी बोलल्याशिवाय राहवलं नाही. फोन लावला. आपल्याकडे साडेसहा वाजलेले, तिथं दुपारचे तीन. ती म्हणाली, “काकू, इथं पाचही मंडळ्यांना माहीत आहे. आमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या तुम्हालाच तेवढं माहीत नव्हतं.” यावर मला काही बोलता आलं नाही.

आमच्या मंडळात एक सून आहे, लग्नाला बरीच वर्षं झालेली. पुढच्या मंगळवारी तिनं ते पान स्वतः वाचायला मागितलं. वाचताना कुठे थांबली नाही. झाल्यावर दोघी-तिघींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मंडळीत तिच्याशी या विषयावर तोवर कोणी बोललं नव्हतं, आणि बोलणाऱ्या बोलत होत्या त्या पाठीमागं. माझं स्पष्ट मत आहे, पुढच्या आवृत्तीत काहीही गाळा, नववं पान गाळू नका. मिशनरी म्हणजे कायम हसतमुख, कायम विजयी, अशी एक तसबीर आपण करून ठेवलीय. त्या तसबिरीसाठी कोणाला कळकळीनं प्रार्थना करता येत नाही.

बावीसावं पान जावईबापूंच्या आईचं. त्या गुहागर तालुक्यात एकट्याच राहतात, साखर आहे, गुडघे धरलेत, पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. “मी एवढ्या लांब आणि आई एकटी, याचं ओझं मला झेपावं,” असं मुलानं लिहिलंय. हे पान वाचून आमच्यापैकी कोणी नुसतं आमेन म्हणून उठलं नाही. दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला उतरलं की तिथून पुढे त्यांचं घर फार लांब नाही. आम्ही पाळी लावली. मी जाते तेव्हा साखर तपासायचं यंत्र घेऊन जाते, गोळ्यांची डबी वारानुसार भरून ठेवते, पायाला कुठे जखम नाही ना ते बघते. म्हातारी माणसं पायाची जखम सांगत नाहीत. त्या माऊलीला वाटलं होतं की मुलगा देवाच्या कामाला गेलाय तर आपण तक्रार करायची नसते. मंडळ्यांनी याचा गंभीरपणे विचार करायला हवा. परदेशी गेलेल्या सेवकांसाठी आपण देणगी पाठवतो, निरोपसमारंभ करतो, हार घालतो. त्यांचे आईबाप मात्र इथंच आपल्या शेजारी असतात, आणि त्यांच्याकडे बघायचं आपल्या डोक्यात येत नाही. या एका पानासाठीसुद्धा ही दिनदर्शिका प्रत्येक मंडळीत असावी असं मी म्हणेन.

चौदाव्या पानावर महागाई आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या क्वाचाची, म्हणजे चलनाची, किंमत एका फटक्यात उतरवली गेली, डॉलर ४४ टक्क्यांनी महाग झाला, तेव्हापासून इकडून गेलेल्या पैशांचा आणि तिथल्या बाजारभावाचा हिशोब सतत बदलतोय, पेट्रोलला रांगा आहेत, म्हणून पाचव्या मंडळीला महिन्यातून एकदाच जाता येतं. त्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, तेवढ्याच दिवशी. पंधराव्यावर एक भांडण आहे: दोन घरांत उसन्या मक्यावरून बोलाचाली झाली आणि दोन्ही घरं देवळात वेगवेगळ्या बाजूला बसायला लागली. नावं नाहीत, बाजू घेतलेली नाही. लहान मंडळीत दोन घरं रुसली की निम्मी मंडळी रुसते, हे आम्हाला नवीन नाही.

सतरावं पान इतिहासाचं, आणि इथं मला वाईट वाटलं. एवढंच लिहिलंय की स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी १८७५ मध्ये सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर केप मक्लिअरला ठाणं केलं आणि त्यातले काही तापानं तिथंच गेले. बरोबर आहे, त्यांच्या कबरी आजही तिथं आहेत. पण कोकणातल्या वाचकाला सांगण्यासारखं त्याच्या मागचं केवढं तरी आहे! त्याच स्कॉटलंडमधून १८२३ मध्ये मिशनरी डोनाल्ड मिचेल आपल्याकडे आला, बाणकोटला काम सुरू झालं, आणि त्याच वर्षी तो वारलासुद्धा. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे मिशनरी जोडपं मुंबईत उतरलं ते मराठी शिकायला याच किनाऱ्यावर आलं, हर्णै आणि बाणकोटकडे. मार्गारेटबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये त्या गेल्या. १८६४ मध्ये आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आला, तेव्हा त्याच्याबरोबर गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली दोन मुलं होती, चुमा आणि विकातानी. त्यांना त्यानं विल्सनच्याच शाळेत ठेवलं. चुमा याओ होता, म्हणजे आमची ताई आज ज्या लोकांत राहते त्यांच्यापैकी. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत मरण पावला, तेव्हा त्याचं शव महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत हाच चुमा पुढे होता. हर्णैला मराठीची बाराखडी गिरवलेल्या माणसाच्या शाळेत याओ मुलगा शिकला, आणि आता हर्णैच्या बाजूची मुलगी याओ बायकांमध्ये बसून त्यांची भाषा शिकते. हे त्या पानावर आलं पाहिजे. पुढच्या आवृत्तीसाठी मी तसं लिहून पाठवलंय.

सव्वीस ते एकतीस ही पानं कमकुवत आहेत. जगातल्या सर्व राष्ट्रांसाठी, तरुण पिढीसाठी, जागतिक शांतीसाठी, सर्व मिशनरी संस्थांसाठी. महिन्याचे दिवस भरायला घातलेली दिसतात. पहिल्या पंचवीस पानांनी माणसं दाखवायची सवय लावली आणि शेवटी पुन्हा जुन्या पत्रकांची भाषा. त्यापेक्षा पंचवीसच पानं ठेवा, उरलेले दिवस आम्ही आपापल्या मंडळीसाठी प्रार्थना करू.

दुसरी तक्रार फोटोंची, आणि ती मला जास्त लागते. तीन-चार पानांवर नाकातून शेंबूड आलेली, फाटक्या कपड्यांतली, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी मुलं आहेत. खाली नाव नाही, मजकुराशी संबंध नाही. त्या मुलाच्या आईला विचारलं होतं का? माझ्या लेकराचा असा फोटो कोणी परदेशातल्या भिंतीवर लावला असता तर मला चाललं नसतं. सायकल, मासळीचा मांडव, विटांचं अर्धवट देऊळ, पावसात भिजलेली वाट, अशा फोटोंनी काम कितीतरी चांगलं होतं. ताईला हे मी सांगितलं, तिला पटलं. ते फोटो छपाईच्या वेळी इथं निवडले गेले होते, तिनं पाठवलेल्या ढिगातून.

आता वस्तू म्हणून. जाड आर्ट कार्डाचा कागद, छपाई स्वच्छ, रंग चांगले. पण बांधणीला लोखंडी तारेची स्प्रिंग आहे. समुद्रकाठी हे चालत नाही. माझ्या खिडकीतल्या प्रतीची तार पावसाळ्याआधीच गंजली, भोकांच्या कडेला तांबूस डाग पडले आणि पान उलटताना अडकायला लागलं. प्लास्टिकची स्प्रिंग घाला. गुळगुळीत कागद जुलैत एकमेकांना चिकटतो. एकोणिसावं आणि विसावं पान सोडवताना फोटोचा कोपरा निघून आला. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी पावसाळ्यात पानांमध्ये बटर पेपर घालून ठेवावा, उपयोग होतो. अक्षर बारीक आहे. प्रार्थनासभेला येणाऱ्या निम्म्या बायका साठीच्या पुढच्या, विजेचा दाब कमी असला की चष्मा लावूनही वाचता येत नाही. खाली वचनाचा नुसता संदर्भ दिलाय, कलस्सैकरांस ४:३ असा. पूर्ण वचन छापलं तर पवित्र शास्त्र शोधायला उठावं लागणार नाही. फोटो थोडे लहान करा, जागा होईल.

सगळ्यात मोठी अडचण अशी की पानं कायमची आणि गरजा बदलत्या. यावर त्यांनी उपाय केलाय: मागच्या कव्हरवर चौकोनी कोड आहे, तो फोनवर स्कॅन केला की त्या महिन्याचा ताईचा आवाजी निरोप ऐकू येतो. आमच्याकडे तरुण संघातला एक मुलगा तो उतरवून सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकतो, कारण कोड स्कॅन करणं आजींना जमत नाही. निरोप छान असतो, घाईत नसतो, मागं कोंबड्या ओरडत असतात, कधी त्या मंडळीचं गाणं असतं. तिथल्या लोकांचं गाणं साथीशिवाय चार सुरांत असतं, ते ऐकायला आमच्या बायका निरोप परत परत लावतात. त्यातच एके महिन्यात कळलं की सायकलला टायर बसलं. आमच्याकडून पैसे जमायच्या आधीच दुसऱ्या मंडळीनं, ज्यांच्याकडे स्वतःच्या देवळाला दरवाजा नाही, त्यांनी आपल्या दानार्पणातून टायर घेऊन दिलं. आजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पण चौथं पान अजूनही टायरच मागतंय! ज्यांच्याकडे निरोप पोचत नाही ते लोक अजून त्या टायरसाठी प्रार्थना करत असणार. प्रत्येक पानाखाली दोन कोऱ्या ओळी सोडल्या असत्या तर उत्तर मिळालं ते तारखेसह लिहून ठेवता आलं असतं. आम्ही पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापून डकवल्या आहेत. चौथ्या पानावरच्या चिठ्ठीवर आता लिहिलंय, “टायर मिळालं. आता वडिलांच्या पाठीच्या दुखण्यासाठी.” पंधराव्यावरची चिठ्ठी कोरीच आहे, ती दोन घरं अजून वेगवेगळी बसतात.

पाचपैकी चार तारे. एक तारा फोटोंमुळे आणि शेवटच्या सहा पानांमुळे कापला. तार गंजली त्याचा राग नाही.

घरात एकट्यानं वापरण्यापेक्षा चार-सहा जणांच्या गटात वापरा, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रार्थना करायची असं केलं की पानं जिवंत राहतात. कुटुंबप्रार्थनेत मुलं असतील तर चौथं, सहावं आणि अकरावं पान त्यांना वाचायला द्या. नकाशावर मलावी शोधून दाखवा, लांबट देश आहे, शेजारी तसंच लांबट सरोवर. नववं पान मोठ्यांसाठी ठेवा. मंडळीसाठी एकगठ्ठा मागवली तर टपालखर्च वाचतो, तुमच्या पाळकांमार्फत मागणी नोंदवता येते. मागवायची तर ऑक्टोबरनंतर मागवा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पार्सल पोचतं ते भिजूनच, आणि हा कागद एकदा भिजला की सरळ होत नाही.